न धरलेली मॅच

खंडेनवमीला आमच्या कोल्हापुरातल्या तालमीत मुद्गलांशेजारी फुटबॉलही पूजेला मांडतात. यंदा शांताकाकूंनी तिथे दिनूकाकांची, त्यांच्या दिवंगत नवऱ्याची, निळी जर्सी आणून ठेवली. काका देशाकडून एकदाच खेळले, तेही अनधिकृत मैत्रीपूर्ण सामन्यात. विषय निघाला की म्हणायचे, "ती मॅच धरत नाहीत."

जर्सीच्या बाहीवर गवताचा हिरवट डाग होता.

"धुतली नाही का, काकू?"

"धुऊच देत नव्हते. म्हणायचे, मॅच धरू नका, पण पडलो तो खरंच पडलो होतो."

आपलंही बरंचसं जगणं कुणी धरत नाही. धावताना मात्र ऊर तितकाच फुटतो.

काकूंनी डाग वर येईल अशी घडी घातली आणि झेंडूचं फूल जरा बाजूला ठेवलं, डाग झाकू नये म्हणून.