कुणी नेलेले नाही

माझ्यासारख्याने कुणाविषयी लिहावे हा आगाऊपणाच आहे. चुकले तर माफ करावे. कान्हे स्टेशनसमोर पंक्चर काढणारे भाऊ मला कॉलेजला जाता-येता रोज भेटतात.

डोंगरात फिरायला आलेले दोघे बेपत्ता झाल्यापासून भाऊ ट्यूब पाण्यात बुडवत एकच बोलत. "टीव्हीवाला म्हनतो दरीनं गिळलं. सरकार म्हनतं सोताच्या मर्जीनं गेले. उद्या मी गेलो तर खरं कोन सांगंल?"

म्हणून ते शटरवर खडूने लिहूनच जात, 'जेवायला गेलो. कुणी नेलेले नाही. परत येणार.'

मागच्या सोमवारी लिहिले होते, 'मुलीकडे कुसगावला. कुणी नेलेले नाही. गुरुवारी येणार.' दुपारी तिथे कॅमेरा आला. 'दरीचा तिसरा बळी? शेवटचा संदेश!'

मी घाबरत बातमीदाराला म्हणालो, "सर, ते मुलीकडे आहेत. लिहिलंय ना."

"तेच संशयास्पद आहे," तो म्हणाला.

संध्याकाळी पोलिसांनी पुरावा म्हणून शटरला सील लावले. माणूस सापडेपर्यंत दुकान उघडायचे नाही.

भाऊंचा फोन लागेना. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीच्या फोनवर ते मिळाले, तेव्हा मी सगळे सांगितले. ते शिव्या देतील असे वाटले होते. दुकान बंद म्हणजे घरची चूल बंद.

"म्हंजी आता सापडायला लागंल," ते हळूच म्हणाले. "तू शिकलेला हाईस. सापडायचा अर्ज कुटं करायचा, तेवडं इचारून ठेव."