अकरा मामांचा फ्लॅट

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण घरात कुणी 'एखादी केस सांगा' म्हटलं की मी हीच सांगतो.

तेव्हा मी जिंतूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. श्रावणातली सकाळ होती. हजेरी आटोपून मी टपाल चाळत होतो, तेवढ्यात पुण्यातल्या एका ठाण्यातून फोन आला. तिथल्या एका मोठ्या सोसायटीच्या सेक्रेटरीने तक्रार दिली होती. फ्लॅट भाड्याने घेतलेली मुलगी एकटी, दवाखान्यात नर्स, गाव आमच्या हद्दीतलं, येलदरी धरणाच्या काठचं. पण दोन महिन्यांत तिच्याकडे अकरा अनोळखी पुरुष राहून गेले. शेवटच्याने लिफ्टमधून एक गोणी नेली. ती गळत होती आणि तिला भयंकर वास येत होता.

गेटवरच्या रजिस्टरचे फोटो त्यांनी पाठवले. अकरा माणसं, पत्ता सगळ्यांचा त्याच गावचा, आडनावं निरनिराळी, आणि 'नातं' या रकान्यात प्रत्येकाने एकच शब्द लिहिलेला. मामा.

घरमालकाने मुलीला आठ दिवसांची मुदत दिली होती. आमचा अहवाल स्वच्छ आला तर राहायचं, नाहीतर फ्लॅट खाली करायचा.

"साहेब, टोळी दिसायलीय," आमचे जमादार म्हणाले. मलाही तसंच वाटलं. मामा आजोळी असतात. वडिलांच्या गावात एकदम अकरा मामा निघाले, तर पाणी कुठेतरी मुरतंय हे कळायला पोलीस असावं लागत नाही.

स्टेशन डायरीला नोंद घेऊन आम्ही निघालो. चावडीत एकेकाला वेगळं बोलावलं. माझा एक अनुभव आहे. खरं बोलणाऱ्यांचे जबाब थोडेफार वेगळे येतात, ठरवून बोलणाऱ्यांचे हुबेहूब एकसारखे. इथे प्रत्येकजण म्हणाला, "मी तिचा मामा हाय साहेब. भेटायला गेल्तो."

त्यातला एकजण सत्तरीचा होता. मी विचारलं, "बाबा, पोरीच्या आईपेक्षा तुम्ही पंचवीस वर्षांनी मोठे, मग भाऊ कसे?"

"थोरला हाय मी," म्हातारा गंभीरपणे म्हणाला. जमादारांनी तोंडावर रुमाल धरला.

मग मी मुलीच्या घरी गेलो. आई सुपात मूग निवडत बसली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटीने शेत करून पोरीला शिकवलेलं. तिला पढवायला गावाला सवड मिळाली नव्हती. मी सहज विचारलं, "बाई, तुम्हाला भाऊ किती?"

"भाऊ? मला भाऊच न्हाई साहेब. आमी चौघी बहिणीच."

झालं. मी तसाच चावडीत परतलो आणि गावच्या पोलीस पाटलांना समोर बसवलं. रजिस्टरात पहिली नोंद त्यांचीच होती. पोलीस पाटील म्हणजे गावातला आमचाच माणूस, आणि तोच मला बनवत होता, याचा मला खरंच राग आला होता. त्यांचं कुलदैवत मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "पाटील, पोखर्णीच्या नरसिंहाची आण घ्या आणि सांगा, तुम्ही तिचे मामा आहात."

पाटलांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझ्या मंडळीला पुण्यात शेक चालू हाय साहेब. कॅन्सरचा. तीस डाव द्यायचाय, अठरा झाले. हाटेलात ठिवायची आपली ऐपत हाय का? पोरगी म्हणली, काकीला माझ्याकडं आणा. तिच्याच खोलीत राहायलीय ती."

"आणि बाकीचे?"

"कुणी डोळे दाखवायला गेलं, कुणी पोराच्या परीक्षेला. एक फ्लॅट, पण सारं गाव उतरायलंय तिथं."

"मग मामा काहून लिहिलं?"

"पहिल्यानं मी गेलो. गावचा हाय म्हणलं तर वाचमन आत सोडीना. मामा लिहिलं तवा सोडलं. मागून गेलेल्याईनं वर पाहून तसंच लिहिलं."

सरकारी कागदावर वरच्याचं पाहून खाली लिहायची आपल्या लोकांची सवय मी आयुष्यभर पाहिली होती. तरी ती डोक्यात आली नाही.

"आणि ती गोणी?"

"मासे व्हते साहेब. श्रावण लागायच्या आत पोरीला येलदरीचा मासा खाऊ घालावा म्हणलं. वाटंत बरफ वितळला."

मग पाटील आम्हाला न्हाव्याच्या दुकानात घेऊन गेले. आरशाशेजारी खिळ्याला त्या फ्लॅटची दुसरी चावी लटकत होती. पुण्याला जाणाऱ्याने न्यायची, परत आणून अडकवायची. एकट्या पोरीला घर द्यायला कुणी तयार नव्हतं म्हणून तिने चार महिने पुणं पालथं घातलं होतं. एवढ्या कष्टाने मिळालेल्या घराची चावी तिने गावाला दिली होती. माझा राग तिथेच निवला.

पण अहवालाचं काय? मामा खोटे आहेत असं लिहिलं तर मुलीचं घर जाणार, आणि पाटलांच्या बायकोचे बारा शेक राहणार. खरे आहेत असं लिहिलं तर मी खोटा ठरणार. खोटा अहवाल मी कधी लिहिला नव्हता. हे मी चावडीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

मुलीची आई दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "साहेब, राखीपुनव चार दिसांवर हाय. तवर कागद थांबवा."

पौर्णिमेला मी मुद्दाम गेलो. अकराही जण अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून रांगेत बसले होते. तिने एकेकाला ओवाळून राखी बांधली. सत्तरीच्या म्हाताऱ्याने पहिला मान मागितला, कारण तो थोरला होता. तिथेच नारळीभात खाऊन मी लिहिलं, 'सदर अकरा इसम मुलीच्या आईचे मानलेले भाऊ असल्याची समक्ष खातरजमा केली. गैरप्रकार नाही.' सेक्रेटरीला फोन करून सगळी हकिकत सांगितली. ते इतके हसले की मीही हसत सुटलो. गावाला मात्र मी दोन अटी घातल्या. एका वेळी दोघांच्या वर कुणी उतरायचं नाही, आणि गळकी गोणी लिफ्टमध्ये न्यायची नाही.

घर टिकलं. पाटलांच्या बायकोचे शेक पूर्ण झाले, आणि आज ती शेतात माझ्यापेक्षा ताठ चालते.

खोटं पकडलं की आमचं काम संपलं असं मी समजत असे. ते खोटं कुणासाठी बोललं जातंय हे विचारायला मला त्या गावाने शिकवलं.

निवृत्तीनंतर मला मोतीबिंदूसाठी पुण्याला जायचं होतं. न्हाव्याच्या दुकानातून चावी घेतली आणि सोसायटीच्या गेटवर पोहोचलो. वॉचमनने रजिस्टर पुढे सरकवलं. रकान्यात मी 'मामा' लिहिलं. त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कितवे?"

"बारावा," मी म्हणालो. त्या पौर्णिमेला मी उठून निघालो, तेव्हा मुलीच्या आईच्या ताटात एक राखी उरली होती, ती तिने माझ्या हाताला बांधली.