जुन्या पानांतली चौकट

त्या वर्तमानपत्रात सव्वीस वर्षं प्रुफं तपासणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणायचे. दर बुधवारी त्यांच्या टेबलावर स्तंभलेखकसाहेबांचा लेख येऊन पडायचा, हनुवटीला बोट लावलेल्या फोटोसकट. “आले बघा विचारवंत!” ताई म्हणायच्या. सरकार साहेबांच्या लाडक्या पक्षाचं असलं, की त्यांना खड्ड्यातही विकास दिसायचा. दुसऱ्यांचं असलं, की नळाला पाणी आलं तरी हुकूमशाही! ताई नाक मुरडत चुका दुरुस्त करायच्या आणि पान पुढे धाडायच्या.

पण त्या बुधवारी त्यांचा हात थांबला. नदीवरचा पूल खचून बस खाली गेली होती, सहा माणसं दगावली होती. बस चालवत होता ताईंचा धाकटा भाऊ. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, चौकशी व्हायची होती. नोकरी राहणार की तुरुंगात जाणार, काहीच कळत नव्हतं. आणि साहेबांनी घरबसल्या निकाल लावला होता: ‘पुलाला दोष देणं हे विरोधकांचं कारस्थान. बेफाम ड्रायव्हरला अद्दल घडवा.’ पूल बघायलासुद्धा गेला नव्हता मेला!

त्याच पानाच्या कोपऱ्यात ‘जुन्या पानांतून’ नावाची चौकट असे. तिचा मजकूर ताईच निवडायच्या, संपादक कधी ढुंकूनही बघत नसत. ताईंनी दहा वर्षांपूर्वीचा अंक काढला. तेव्हा सरकार दुसरं होतं, पूल दुसरा होता, बस मात्र अशीच पडली होती. ‘गरीब ड्रायव्हरच्या माथी खापर फोडणं हा नीचपणा आहे. मंत्र्यांनो, खुर्च्या सोडा!’ खाली नाव साहेबांचंच. ताईंनी ते नव्या लेखाला खेटून लावलं, फोटोसकट.

सकाळी साहेब तणतणत आले. “ही माझी बदनामी आहे!”

“अहो, लेख तुमचाच आहे,” ताई म्हणाल्या.

“तेव्हाची परिस्थिती वेगळी होती!”

संपादकांनी मान खाली घालून चौकट बंद केली आणि ताईंना छोट्या जाहिराती तपासायला बसवलं. साहेबांचा स्तंभ अर्थातच चालू राहिला.

संध्याकाळी दवाखान्यात भावाने दोन्ही लेख वाचले. जुना त्याने पुन्हा वाचला.

“ताई, दहा वर्षांपूर्वीचा हा माणूस माझ्या चौकशीला हवा होता गं.”

“असणार आहे ना,” ताई म्हणाल्या. “आज दुपारीच सरकारने त्याला चौकशी समितीवर नेमलंय.”