श्वास ऐकू येईल असा एसी

लक्ष्मी रोड सोडून नारायण पेठेत शिरलो तेव्हा कमरभाभी म्हणाल्या, "ताई, पाय दुखत असतील तर रिक्षा करू." त्यांचे स्वतःचे दुखत होते की नाही, ते त्यांनी काही सांगितलं नसतं. सकाळी कसब्यातून निघालो होतो आणि दोन दुकानं पालथी घालून झाली होती. जानेवारीचा महिना. आम्ही दोघी शाली पांघरून एसी शोधत हिंडत होतो.

"थंडीत एसी?" पहिल्या दुकानदाराने विचारलं होतं. "मग स्वेटर उन्हाळ्यात घेत असाल."

"मिळाला तर घेते," भाभी म्हणाल्या होत्या.

कमरभाभी, म्हणजे कमरजहां शेख, माझ्या भिंतीला भिंत लागून राहतात. त्यांचे यजमान शमशुद्दीनभाई बेकरीत भट्टीवर होते. एकदा भट्टीचा भडका अंगावर आला. छाती, पाठ, दोन्ही दंड भाजले. जीव वाचला, नवी कातडी आली, पण त्या कातडीला घाम येत नाही. आपल्याला उकडलं की घाम येतो आणि अंग निवतं. त्यांचं अंग तापत जातं आणि तापतच राहतं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात भाभी उशाशी बादली घेऊन बसतात. मलमलचं कापड पिळायचं, पाठीवर घालायचं, कोमट झालं की पुन्हा भिजवायचं. रात्रभर. आम्ही शेजारी झोपलेले असायचो आणि भिंतीपलीकडे कापड पिळल्याचा आवाज यायचा.

गेल्या एप्रिलमध्ये ते भरदुपारी बेशुद्ध झाले. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, खोली थंड ठेवा, पुन्हा असं झालं तर हाती लागणार नाहीत. कोंढव्याला दिलेल्या लेकीने पैसे आणून दिले. उन्हाळ्याच्या आत यंत्र बसलं पाहिजे, एवढं एकच भाभींच्या डोक्यात होतं.

तिसऱ्या दुकानात विक्रेत्याने टन, स्टार, वॉरंटी असं सगळं म्हणून दाखवलं. भाभींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, पंखा बंद करा. बाकीचे एसी बंद करा. हा एकच चालू ठेवा."

"कशाला?"

"ऐकायचंय."

"बाई, एसी ऐकत नाहीत. अंगावर घेतात."

तरी त्याने बंद केले. एवीतेवी गिऱ्हाईक कोणी नव्हतंच. मग भाभी माझ्याकडे वळल्या. "ताई, त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसा. डोळे मिटा. झोपल्यावर घेतो तसा श्वास घ्या."

आता भर दुकानात हे काय, असं मला वाटलं. पण भाभींचा चेहरा पाहिला आणि बसले. मनात नाम घेत राहिले, म्हणजे श्वास आपोआप लांब होतो. डोळे किलकिले करून पाहिलं, तर भाभी यंत्राखाली उभ्या होत्या, डोळे मिटून, मान जराशी कलती.

"नाही. तुमचा श्वास हरवला. दुसरा लावा, भाऊ."

दुसऱ्यातही हरवला. तिसरा बराच वेळ चालला. एसीखाली शालीतसुद्धा मला हुडहुडी भरली होती, पण दुकानात कोणी बोलेना. विक्रेतासुद्धा हात बांधून उभा होता.

"हा," भाभी म्हणाल्या. "यात ऐकू येता तुम्ही."

परत येताना मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. "त्यांचं अंग काही सांगत नाही, ताई. घाम नाही, काही नाही. तापायला लागले की आधी श्वास आखूड होतो. माझा डोळा लागला असला तरी तेवढ्याने मी उठते. यंत्राचा आवाज मोठा असला तर मी उठणार कशी?"

मी देवळात जाते, उपास करते, चुकत नाही. पण त्या दिवशी या बाईशेजारून चालताना, एखाद्या मोठ्या जागी जपून पाय टाकावा, तसं मला होत होतं.

एप्रिल लागला आणि एका दुपारी भाभींनी भिंत ठोठावली. मी धावत गेले. एसी चालू होता, पण खोली दमट, चिकट. भाईंचा चेहरा लाल झाला होता. भाभी कापड पिळत होत्या. "यंत्र बिघडलं, ताई. आता काय करू?"

मी खिडकीकडे पाहिलं. ती सताड उघडी, आणि तिच्यावर ओला वाळ्याचा पडदा. वाळ्याच्या पडद्याला खिडकी उघडी लागते, तीच इतक्या वर्षांची सवय. मी पडदा काढला, खिडकी लावली, दाराच्या फटीत चादर दाबली.

शमशुद्दीनभाई पडल्या पडल्या म्हणाले, "सकाळपासून हिने सगळा कसबा गार केला."

"तुम्ही गप्प पडा," भाभी म्हणाल्या.

हळूहळू खोली निवत गेली. भाभींनी कापड पिळलं, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मग कापड परत बादलीत सोडलं. भाईंचा डोळा लागला. त्यांचा श्वास मलाही ऐकू येत होता, लांब आणि सावकाश.

भाभींनी बादली बाजूला सरकवली. मग भिंतीला टेकून हलक्या आवाजात म्हणाल्या, "ताई, दिवेलागणीपर्यंत बसाल इथे? मला झोपायचंय. श्वास आखूड झाला तर लगेच हाक मारा. आणि नाही झाला, तर उठवू नका."