जाड तपासा, पातळ विका

मंगळवार, सकाळी अकरा. परळ, प्रयोगशाळेचा तिसरा मजला. मी पेपरात तीस वर्षं काढलीत. छापून येणाऱ्या बातम्या विसरतो. न छापलेल्यांचे किस्से साचत जातात. हे त्या ढिगातलेच.

कविता तिथे पॉलिमरवर, म्हणजे प्लॅस्टिकवर, संशोधन करते. तिचे बाबा गिरणीत होते, छातीत कापसाची धूळ भरलेली. त्यांच्यासाठी तिने घरी ऑक्सिजनचं मशीन घेतलंय. आत प्लॅस्टिकचा पडदा, केसाच्या हजाराव्या भागाइतका पातळ. त्यातून हवा गाळून ऑक्सिजन वाढवतात.

"जाड असताना हे प्लॅस्टिक वर्षानुवर्षं तसंच राहतं," ती म्हणाली. "पातळ केलं की झपाट्याने म्हातारं होतं. आमच्या भोईवाड्याच्या खोलीत बारसं असलं की मधला माणूस हलू शकत नाही, दाराशी बसलेला सारखा चुळबुळ करतो. थर पातळ केला की सगळेच दाराशी! चुळबुळत चुळबुळत घट्ट बसतात, मग हवेला वाटच राहत नाही."

*

मशीनच्या कंपनीने पडद्याची चाचणी याच प्रयोगशाळेत करून घेतली. जाड तुकड्यावर!

"पातळ का नाही घेतला?" मी तिच्या सरांना, प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, विचारलं.

"हातात फाटतो हो! आणि मटेरियल तेच आहे ना?"

*

कविताने पातळ थर बारीक छिद्रांच्या चकतीवर चढवून तपासला. काही आठवड्यांतच त्यातून हवा जाणं निम्म्याहून कमी झालं. सर म्हणाले, "सॅम्पल खराब असेल." तिने पुन्हा केलं. "दमट हवेमुळे असेल." तिने पुन्हा केलं. तोच आकडा!

"कविता, तू फार दमलीयस. सुट्टी घे."

*

कंपनीची पत्रकार परिषद दादरच्या हॉटेलात. मॅनेजरने पडद्याचा तुकडा माझ्या हातात ठेवला. "वाकवा! पिळा! काही होतंय?"

"मशीनमध्ये हाच असतो?"

"हाच. फक्त पातळ."

टाळ्या वाजल्या. वाजवणारे माझ्याच धंद्यातले!

*

मी बातमी लिहिली. संपादक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. म्हणाला, "काका, पॉलिमर कोण वाचणार? कुणी गेलंय का?"

"अजून नाही."

"मग थांबू या."

*

रविवारी कविताचा फोन आला. "दादा, बाबांना धाप लागलीय. दुसरं मशीन परवडत नव्हतं, आता सिलिंडर मागवलाय. तुम्ही या."

भोईवाड्याची चाळ, दुसरा मजला. "जय भीम," बाबा कसेबसे म्हणाले. नाकात नळी, ओठ निळसर. उशाशी मशीन घरघरत होतं, त्यावर हिरवा दिवा.

सिलिंडर आला. कविताने मशीनची नळी काढून बाबांना सिलिंडरची लावली. काढलेल्या नळीचं टोक तिने पाण्याच्या ग्लासात बुडवलं. आम्ही बघत राहिलो. बऱ्याच वेळाने एक बुडबुडा वर आला. मग दुसरा आलाच नाही.

"बाबा, किती दिवस त्रास होतोय? बोलला का नाहीत?"

बाबांनी दोन श्वास घेतले. "अगं, दिवा तर हिरवा होता. मला वाटलं, माझ्याच छातीत खोट आहे."

तो दिवा हवा आली की लागतो, की नुसती वीज आली की? कंपनीला तीनदा लेखी विचारलंय. उत्तर आलेलं नाही. मशीन आजही दुकानात मिळतं.