दुबई दीड तासावर नव्हती

सावंतचं विमान उडून दीड तास झाला होता, तेव्हा पेडणेकर साहेबांनी माझ्या टेलेक्सची कॉपी वाचायला घेतली. टेलेक्स म्हणजे इथे टाइप केलं की पलीकडच्या ऑफिसातल्या मशीनवर तेच छापून येतं. वाचता वाचता ते थांबले.

"विमान अकराला पोचतं असं तुला कोणी सांगितलं?"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मरोळला साहेबांची छोटी ट्रॅव्हल एजन्सी होती. गिऱ्हाईक बहुतेक गल्फला जाणारे कामगार. मी देवगडकडून आलो तो नववी अर्धवट सोडून. साहेबांनी तरीही टेबल दिलं, राहायला ऑफिसची मागची खोली दिली. रोज सकाळी वाटायचं, आज काहीतरी चुकेल आणि हे सगळं जाईल.

सावंत कणकवलीचा वेल्डर. पहिल्यांदाच विमानात बसत होता. तिकीट घेताना मला म्हणाला होता, "तू गाववालो मा, तुका सगळा म्हायत असतला." मी मान डोलावली होती.

त्या काळी खरा व्हिसा दुबईच्या कंपनीचा माणूस विमानतळावर घेऊन यायचा. पॅसेंजरच्या हातात नुसती झेरॉक्स. तो माणूस वेळेत आला नाही तर पॅसेंजरला आलेल्या विमानानेच परत पाठवायचे, असंही व्हायचं. म्हणून पोचायची वेळ कंपनीला आधी टेलेक्सने कळवायची. ते काम माझं.

टाइमटेबलमध्ये होतं, सुटणार आठ, पोचणार साडेनऊ. मला पटेना. भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी लावली. दिल्लीला विमान दोन तास घेतं, आणि दुबई त्याच्या दीडपटीहून लांब. मग दीड तासात कसं जाईल? छापताना चुकलं असणार. मी तीन तास धरले आणि अकरा टाइप केलं.

हे सगळं साहेबांना सांगितलं. ते ओरडले नाहीत, त्यानेच जास्त भीती वाटली.

"तीन तास बरोबर आहेत रे. पण तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे. टाइमटेबलात पोचायची वेळ तिथल्या घड्याळाने असते. आपले अकरा, तेव्हा तिथे साडेनऊ. तुझा माणूस तिथल्या अकराला येणार. तोवर सावंतने काय करायचं?"

टेलेक्स मशीन आमचं नव्हतं, खालच्या एक्स्पोर्टवाल्याकडे होतं. तिथल्या डिसोझा बाईंनी नंबर लावला. लाइन बिझी. पुन्हा बिझी. सव्वादहाला एकदाचा मेसेज गेला. उत्तर नाही. मी स्टुलावर बसून राहिलो. बाईंनी चहा दिला, तो तसाच राहिला.

पाऊण वाजता मशीन खडखडलं. कंपनीचा माणूस धावत पोचला होता. सावंतला वीस मिनिटं बाजूला उभं केलं होतं, मग सोडलं.

कागद घेऊन वर गेलो. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"अंतर बरोबर मोजलंस. शंकाही बरोबर होती. मग मला विचारलं का नाहीस?"

"लाज वाटली, साहेब. नववीतून शाळा सोडलेली ना."

"मी एम.ए. आहे. या धंद्यात पहिल्या वर्षी मीपण हेच केलं होतं."

नोकरी राहिली. पुढे कितीतरी वर्षं मी तिकिटं काढली. प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो, प्रवास तीन तासांचा, उतरल्यावर घड्याळ दीड तास मागे करा. कोणी विचारायची वाट पाहिली नाही. ज्याला खरंच माहीत नसतं, तो विचारत नाही.