रोज एक चित्र आणि भरारी पथक

किस्से काही कोणी मुद्दाम गोळा करत नाही. डाळीतल्या खड्यांसारखे ते आपोआप जमतात, आणि निवडायला बसलं की कळतं, डाळीपेक्षा खडेच जास्त! आमच्या चिखलीच्या ‘रोज एक चित्र’ ग्रुपचं असंच झालं. चित्रं कशी होती ते विचारू नका. भानगडी मात्र एकेक बघण्यासारख्या!

मी गणिताचा मास्तर. आता रिटायर. पण बोर्डाच्या परीक्षेच्या भरारी पथकात इतकी वर्षं काढली की पोराच्या बनियनमधली चिठ्ठी मला त्याच्या चेहऱ्यावर दिसते. तेव्हा या ग्रुपमध्ये मी चित्रकलेसाठी शिरलो असा कोणाचा समज असेल, तर तो चुकीचा आहे. चित्रं काढणाऱ्यांवर कोणी तरी लक्ष ठेवायला नको का?

सुरुवात मंदाताईंपासून झाली. आमच्या गल्लीत त्यांचं शिवणकाम. गेल्या वर्षी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. त्या चालायला लागल्या, पण हात काही कात्री धरेना. डॉक्टर म्हणाले, रोज पेन्सिल धरा, काहीही काढा, हात सुटेल.

मंदाताई म्हणाल्या, “सर, शंभर दिवस रोज एक चित्र काढीन म्हणून ठरवलं म्या. शंभर झाले का कात्री धरीन. अन् मधात एक दिवस जरी चुकला, तर समजीन का हा हात कामातून गेला.”

हे ऐकून मला बरं वाटलं नाही. हाताचं भवितव्य असं तारखेवर ठेवतात का? पण बाई जिद्दीची. मग सोबत म्हणून आम्ही तिघं जोडलो गेलो. बोर्ड रंगवणारे रफिकभाई, भाजीपाला पिकवणारे पुंडलिकभाऊ आणि मी.

* * *

तयारी माझ्याकडे होती. मी चार ड्रॉइंगच्या वह्या आणल्या, प्रत्येक पानावर नंबर टाकला आणि कोपऱ्यात माझी सही ठोकली. पान फाडायची सोय नाही, जुनं चित्र नवं म्हणून खपवायची सोय नाही! दिवेलागणीच्या आत ग्रुपवर फोटो. रविवारी रफिकभाईंच्या दुकानात वह्यांची तपासणी. चित्र स्वतःच्या हातचंच हवं. एक दिवस चुकला की पुन्हा एकपासून.

रफिकभाईंनी वही उलटीसुलटी करून पाहिली. “सर, ये ड्रॉइंग हाय का बारावीचा पेपर?”

मंदाताईंचे यजमान गुलाबराव चिखली-बुलढाणा जीप चालवतात. ते दारातच उभे होते. म्हणाले, “पेन्सिलनं काय डिझेल भरते का हो सर?”

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. परीक्षा केंद्राबाहेर असे पालक नेहमी उभे असतात.

* * *

पहिला संशय मला पुंडलिकभाऊंचा आला. पहिल्या दिवशी वांगं. दुसऱ्या दिवशी वांगं. एकोणिसाव्या दिवशीही वांगंच! मला वाटलं, गड्यानं एकदाच भरपूर वांगी काढून ठेवली असणार आणि आता रोज एकेकाचा फोटो टाकतोय.

एका सकाळी न कळवता त्यांच्या मळ्यात जाऊन थडकलो. पुंडलिकभाऊ बांधावर मांडी घालून बसलेले. समोर वांगं, मांडीवर वही.

“पुंडलिकभाऊ, रोज वांगंच काऊन?”

“सर, वांगं हालत नाई. बायकोचं काढाले बसलो, तर ते दोन मिनिटात उठून कामाले लावते मले.”

मी वही तपासली. एकोणीस पानं, एकोणीस वेगवेगळी वांगी. एकाला कीडसुद्धा होती. मी वही परत देऊन निघालो, तर मागून आवाज आला, “सर, तुमी रोज कपबशी काढता. कान तुटेल कप, तोच तो. म्या काई म्हणलं का कधी?”

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “जन्मभर पोरांवर संशय घेतला. आता वांग्यांवर घेऊन राह्यले!”

* * *

रफिकभाईंची रेघ फार सरळ येते, हे मी भिंग लावून पाहिलं होतं. पट्टी वापरायची नाही हा नियम. रविवारी मी सगळ्यांसमोर विचारलं, “रफिकभाई, पट्टी कुठं लपवता?”

त्यांनी माझ्यासमोर एक हातभर रेघ मारली. पट्टीला लाजवेल अशी! म्हणाले, “पच्चीस साल दुकानाची नावं लिहिली सर. हात सीधाच जाते. मी तर टेढी लाइन शिकाले आलो इथं. अन् ते काई जमून नाई राह्यलं. मंदाताईसारखी कापती लाइन काढून दाखवा बरं तुमी! सच्ची टेढी लाइन कोणाले नकल करता येत नाई.”

त्याच दिवशी त्यांनी मला शेडिंग शिकवलं. उजव्या हाताच्या रेघा एका बाजूला झुकतात, डावखुऱ्याच्या उलट्या बाजूला. मी हे नीट लक्षात ठेवलं. शेडिंगसाठी नाही, पुढे कोणाला पकडायला उपयोगी पडेल म्हणून.

* * *

चाळिसाव्या दिवशी गुलाबरावांच्या जीपमधून रोहिणखेडला गेलो, जुन्या मशिदीचं चित्र काढायला. रफिकभाई एक डोळा मिटून, हात लांब करून, पेन्सिलीनं मापं घेत होते. पाच मिनिटांत गल्लीत बातमी गेली, “मोजणी आली! रस्ता रुंद करून राह्यले!”

एक आजोबा घराचा उतारा घेऊनच आले आणि माझ्यापुढे धरला. “साहेब, पाह्यून घ्या. एक इंचबी पुढं नाई आमी.”

“आजोबा, आम्ही नुसती चित्रं काढतोय.”

“पहिले सारे असंच म्हणतात!”

माणूस माझ्याच जातकुळीचा निघाला. शेवटी पुंडलिकभाऊंनी आपली वही पुढे केली. त्यांनी मशीद सोडून समोरचं घर काढलं होतं, नेमकं आजोबांचंच. आजोबांनी चित्र जवळून पाहिलं, लांबून पाहिलं.

“हे माह्यं घर हाय?”

“हाव.”

“मंग हे खुशाल पाडा. हे माह्यं नाई!” आजोबांनी उताऱ्याची घडी केली आणि आम्हाला चहा पाजला.

* * *

मंदाताईंचा एकसष्टावा दिवस. अपेंडिक्स फुटलं. बुलढाण्याला नेलं, तातडीनं ऑपरेशन. आम्ही सगळे हबकलो. पुंडलिकभाऊ म्हणाले, “गेले शंभर दिवस!” मला एकदम वाईट वाटलं. त्या बाईच्या हाताचा प्रश्न होता.

पण संध्याकाळी ग्रुपवर मंदाताईंच्या फोनवरून फोटो! सलाइनची बाटली. खाली गुलाबरावांचा निरोप: “पडल्या पडल्या काढलं तिनं.” दुसऱ्या दिवशी खाट. तिसऱ्या दिवशी औषधाची पेटी. रफिकभाई म्हणाले, “वा, क्या हिम्मत हाय!” पुंडलिकभाऊंनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं.

मी मात्र भिंग काढलं. मंदाताईंची रेघ बारीक थरथरते. ही रेघ भलतीकडेच घसरत होती. आणि शेडिंग? उलट्या बाजूला झुकलेलं!

मला राहवेना. कॉपी ती कॉपी. त्यांच्या दवाखान्यातल्या सातव्या दिवशी दुपारच्या गाडीनं बुलढाणा गाठलं. दवाखान्याच्या आवारात जीप उभी होती. मागून गेलो, पथक जातं तसा. गुलाबराव स्टिअरिंगवर वही टेकवून, जीभ दातात धरून, डाव्या हातानं थर्मास काढत होते. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला होता.

मला बघताच त्यांनी वही सीटखाली सरकवली. अगदी बारावीतलं पोर चिठ्ठी सरकवतं तशी.

“सर… पकडलं?”

“डाव्या हातानं काऊन?”

“उजव्यानं लयच चांगलं येते हो. तिच्यासारखं वाटत नाई.” त्यांनी उजवा हात मांडीखालून काढला. “शुद्धीवर आली तं पहिले मले इचारलं, ‘आजचं चित्र झालं का?’ मी म्हणलं, ‘झालं, गुंगीत तूच काढलं.’ मंग रोजच सांगा लागलं. नाई कसं म्हणू सर?”

तेवढ्यात आतून हाक आली. “पेशंटचे नातेवाईक!” डॉक्टर बोलावत होते. गुलाबरावांनी वही माझ्या हातात कोंबली आणि पळाले.

थर्मास अर्धाच झाला होता. बराच वेळ झाला तरी ते परत आले नाहीत. दिवेलागण व्हायला आली. पानाच्या कोपऱ्यात माझीच सही माझ्याकडे बघत होती. मी इकडे तिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मी पेन्सिल डाव्या हातात धरली.

* * *

आठव्या दिवसापासून मंदाताई स्वतः काढू लागल्या. पहिल्या दिवशी नुसती एक रेघ. पण त्यांची!

मग एकदाचा शंभरावा दिवस उजाडला. रविवारच होता. रफिकभाईंच्या दुकानात पेढे आणले होते. मंदाताईंनी पिशवीतून वही काढली आणि कापडात गुंडाळलेली कात्री काढून बाजूला ठेवली.

त्या एकेक पान उलटत गेल्या. सलाइनच्या बाटलीपाशी थांबल्या.

“हे माह्यं नाई.”

“गुंगीत…” गुलाबराव पुटपुटले.

“गुंगीत मी डावरी झाली का?” त्यांनी सहा पानं मोजली. “हे सहा तुमचे. वही हातात आली तवाच ओळखले म्या. तुमी इतके खुश दिसले, बोलाची हिंमतच नाई झाली.”

मंदाताईंनी सातवं पान उलटलं. थर्मास. त्या बघत राहिल्या, बघतच राहिल्या. मी पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडायला घेतली.

“सर, नियम काय हाय आपला?”

“स्वतःच्या हातचं चित्र,” मी म्हणालो.

“मंग हे सात पानं ठेवता येत नाई.”

त्यांनी कात्री उचलली. उजव्या हातात. सलाइनपासून थर्मासपर्यंत एकेक पान शिलाईपाशी धरून कापत गेल्या. दुकानात फक्त कात्रीचा आवाज. रफिकभाई तोंडात पेढा धरून तसेच बसले होते. सातही पानं कापून झाली, आणि एकाही पानाची कड वाकडी गेली नव्हती!

सहा पानं त्यांनी गुलाबरावांच्या मांडीवर ठेवली. सातवं माझ्यापुढे धरलं. थर्मासच्या शेजारी, कोणी सांगितलं नसताना, एक कान तुटलेला कप काढलेला होता.

“घ्या सर,” मंदाताई म्हणाल्या. “उद्यापासून तुमचा पहिला दिवस.”